रेखाटनांची बाडे

अधारतालच्या माझ्या तात्पुरत्या बिऱ्हाडी ग्रंथ मोजकेच आणता आले. त्यांत जाड कागदाची, कापडी बांधणीची एक वही आहे. तिला संशोधनाचे साधन म्हणावयास आपले विद्वान सहसा धजणार नाहीत. दिल्लीत २०११ साली ‘कॉमिक कॉन’ सुरू झाले आणि मग अशा मेळ्यांची चाल इतर शहरांतही पडली. या मेळ्यांत स्वतः लिहून, रेखाटून, छापून आपली पुस्तिका टेबलावर मांडून बसणारे स्वतंत्र चित्रकथाकार भेटतात. त्यांच्याकडून या वहीत मी एकेक रेखाटन करवून घेत आलो आहे. कोठे एखादे पात्र पुस्तिकेत कधीच न केलेली गोष्ट करीत आहे, कोठे पानभर नुसती फलाटावरची गर्दी, तर एका पानावर चहाच्या पेल्याचा डाग आणि चित्रकाराने त्याचाच केलेला डोळा.

आपले अभंग आणि लावण्या ज्या बाडांनी जगविल्या, त्यांचे स्मरण ही वही चाळताना होते. छापील तेवढीच संहिता, या समजुतीत आपण अडकलो नसतो तर या रेखाटनांना आपण पाठभेद म्हटले असते. वाचक टेबलापाशी उभा राहून काही मागतो आणि कर्ता आपले पात्र त्याच्यासाठी पुन्हा नव्याने घडवितो. वाचक आणि कर्ता यांच्या संवादाचा इतका प्रत्यक्ष पुरावा वाङ्मयाच्या अभ्यासकाला एरवी क्वचितच मिळतो.

छापील प्रतींवर तरी किती विसंबावे? जबलपूरच्या ग्वारीघाटावरून वाहते तीच नर्मदा ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’चा विषय आहे. १९९४ साली निघालेली ही चित्रकादंबरी पुढे दीर्घकाळ दुर्मिळ होती. तिची नवी आवृत्ती निघावयास २०२२ साल उजाडावे लागले. पुस्तकाची ही गत, तर टेबलावर दहा मिनिटांत काढून दिलेल्या चित्राची काय कथा!

मात्र संग्रह करणे म्हणजे जतन करणे नव्हे, हे मला उशिरा कळले. माझ्या वहीच्या पहिल्या नऊ पानांवर मी ना तारीख लिहिली, ना नाव. त्यांतील चार रेखाटने कोणाची, हे आज मला सांगता येत नाही. शिवाय ती मी फुकट मागून घेतली होती. प्राध्यापकाने कौतुकाने वही पुढे केली की नाही म्हणणे तरुण चित्रकाराला जड जाते, एवढे मला तेव्हाही कळावयास हवे होते. पैठण आणि पिंगुळीच्या चित्रकथीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. कथा सांगताना एकेक चित्र पुढे धरावयाचे, अशा सुट्या चित्रांची ती पोथी. ही चित्रे संग्राहकांनी उचलली, पोथ्या विखुरल्या, आणि बहुतेक जुन्या चित्रांच्या कर्त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण तो त्या अनामिकांपर्यंत पोहोचत नाही. (अधारताल हे नाव राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्यावरून पडले. तळे खोदणाऱ्यांचे नाव येथेही नाही.)

तेव्हा मोबदला द्यावा, हे उघड आहे. पण नुसता मोबदला दिल्याने भागत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे सतरावे कलम विचित्र आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन रंगचित्र वा व्यक्तिचित्र काढले, तर उलट करार नसल्यास प्रताधिकाराचा पहिला धनी सांगणारा ठरतो. म्हणजे दोनशे रुपये देऊन मी माझी छबी काढवून घेतली, तर तिचा हक्क चित्रकाराच्या नकळत माझ्याकडे येऊ शकतो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३ अ मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास कर्त्याला दहा टक्क्यांपर्यंत वाटा देते. पण तो पहिला धनी असेल तरच. आता मी पानामागे ‘सर्व हक्क चित्रकाराकडे’ असे लिहून दोघांच्या सह्या घेतो. चित्रकार हसतात आणि सही करतात.

पैशाने या भेटीतील जिव्हाळा जातो, असा आक्षेप काही स्नेही घेतात. फ्रान्समध्ये आंगुलेम येथे १९७४ पासून भरणाऱ्या महोत्सवात विकत घेतलेल्या पुस्तकावर चित्र काढून देण्याची रीत जुनी आहे. तेथील चित्रकारच आता या श्रमाचा मोबदला मागू लागले आहेत. आम्ही त्यांच्या रेषांवर व्याख्याने द्यावयाची, त्याचे वेतन घ्यावयाचे आणि त्यांनी मात्र जिव्हाळ्यावर जगावयाचे, हे मला पटत नाही.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी अशा वह्या हस्तलिखितांच्या दालनात घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे. चित्रकार, स्थळ, दिनांक, दिलेली रक्कम आणि वाचकाने नेमके काय मागितले, एवढी नोंद प्रत्येक पानाची असावी. शेवटची बाब सर्वांत मोलाची, कारण चित्रावरून ती कळत नाही. एका ग्रंथालयात मी माझी वही नेली होती. तेथील सद्गृहस्थांनी ती आस्थेने पाहिली. मग दाखल-नोंदीतील भाषेच्या रकान्यात काय लिहावे, असे विचारले. निम्म्या पानांवर अक्षरच नव्हते. शि. द. फडणीस यांची शब्दाविण हास्यचित्रे मराठीत गणावयास आपण कधी कचरलो नाही, असे मी म्हणालो. रकाना अद्याप रिकामा आहे आणि वही माझ्याकडेच आहे.