न विचारलेला प्रश्न

राजूरसारख्या कोळशाच्या खाणींच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या गावी मरण कोणास अपरिचित नाही. परंतु तान्हे मूल गेले म्हणजे गावाची रीतच मुकी होते. मोठ्या माणसामागे दहावे असते, तेरावे असते, भेटायला येणाऱ्यांचा राबता असतो. पण दोन वर्षांच्या आतील बालकास अग्नी न देता पुरावे आणि त्यास उदकही देऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीने सांगून ठेवले आहे, आणि ज्यांनी त्या स्मृतीचे नावही ऐकले नाही त्यांच्या घरीही हाच परिपाठ चालत आला आहे. ज्या दुःखाला आधाराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच विधीचा आधार नाही. अशा आईबापांपुढे अवयवदानाची गोष्ट काढावी की काढू नये, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि ती काढलीच पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

2022 साली चंदीगडच्या पीजीआय संस्थेत एका दांपत्याने आपल्या अवघ्या 39 दिवसांच्या कन्येची मूत्रपिंडे दिली आणि ती एका पंधरा वर्षांच्या मुलास बसविण्यात आली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचे स्मरण केले. त्यापूर्वी, 2017 च्या सप्टेंबरात, सुरतेच्या चौदा महिन्यांच्या बालकाचे हृदय मुंबईस एका साडेतीन वर्षांच्या मुलीला मिळाले आणि त्याची मूत्रपिंडे अहमदाबादेस गेली. आपल्या विदर्भातही 2018 मध्ये गोंदियाकडील एका सहा वर्षांच्या बालिकेचे अवयव नागपुरात दिले गेले.

नवजात बालकाचे मूत्रपिंड जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांबीचे. तेवढ्याने वाढलेल्या देहाचे काय भागणार, अशी शंका कोणासही येईल. परंतु रक्त गाळणारे जे सूक्ष्म घटक, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात, त्यांची संख्या जन्माच्या सुमारासच पूर्ण झालेली असते. एकेका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या घरात असतात, आणि पुढे वाढतो तो केवळ त्यांचा आकार. म्हणून फार लहान दात्याची दोन्ही मूत्रपिंडे, महारोहिणी आणि अधोमहाशिरा यांच्या तुकड्यांसकट, न विलगता एकाच रुग्णास जोडीने बसवितात, आणि नव्या देहात ती काही महिन्यांत वाढू लागतात. शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल याने 1908 मध्येच मांजरांवर असे जोडीचे रोपण करून दाखविले होते. धोका आहे तो आरंभीच्या दिवसांत, सुतासारख्या रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा. त्यासाठी सरावलेला हात लागतो. तेवढे दिवस निभावले तर अशी मूत्रपिंडे दीर्घकाळ उत्तम काम देतात. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर पडून राहणाऱ्या आणि त्यापायी रोजी बुडवणाऱ्या माणसास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अवयव घेण्यापूर्वी, आपल्या 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावयाचा असतो. अमेरिकेतील 2011 च्या संहितेत हे अंतर महिन्याच्या आतील अर्भकासाठी चोवीस तास आणि त्यापुढील मुलांसाठी बारा तास धरले होते; आपल्या इस्पितळांनीही हीच दीर्घ मुदत पाळावी, कारण छाती हलताना दिसत असता ती हालचाल व्हेंटिलेटरची आहे, मुलाची नव्हे, हे पटण्यास आईबापांना वेळ हवा असतो. आपल्या 1994 च्या कायद्यास 2011 मध्ये दुरुस्ती होऊन अतिदक्षता विभागातील डॉक्टरावर आप्तांना अवयवदानाची मुभा समजावून देण्याची जबाबदारी आली. असे असूनही मूल लहान असले की डॉक्टरांची जीभ अडखळते. त्या अडखळण्यामागे करुणा आहे हे मी जाणतो. परंतु त्या करुणेने निर्णय आईबापांच्या हातून नकळत काढून घेतला जातो, आणि वर्षभराने अवयव मिळून जगलेल्या कोणा मुलाची बातमी वाचून ‘आम्हांला कोणी विचारलेच नाही’ असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येते. विचारल्यावर त्यांनी नाही म्हटले, तर तो नकार तितक्याच आदराने, पुन्हा शब्द न काढता, स्वीकारला पाहिजे.

प्रत्यारोपण होत नसले तरी अवयव काढून घेण्यापुरती नोंदणी अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळास त्याच दुरुस्तीने करता येते. प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य इस्पितळाने ही तजवीज करून ठेवावी; नाहीतर शोकात बुडालेल्या कुटुंबास मूल घेऊन येथून शंभराहून अधिक किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागेल, आणि तेवढे त्राण त्या घडीला कोणाच्या अंगी असते?

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आई किंवा बाप, कोणाही एकाची संमती कायद्यास पुरते. तरीही माझी डॉक्टरांना आणि समन्वयकांना कळकळीची विनंती आहे की, आईला विचारल्यावाचून कागद पुढे करू नये. आपल्याकडे असा सल्ला व्हरांड्यात होतो. काका, मामा, आजे, गावचे चार जाणते तेथे जमतात आणि जो काय तो निकाल लावतात, आणि त्या वेळी ती आत खाटेपाशी, मुलाच्या पायावर हात ठेवून बसलेली असते.