साल मोडलं, डिपॉझिट वाचलं!

पुण्यात ओळख करून देताना मला एक वाक्य नेहमी जास्तीचं बोलावं लागतं. ‘‘गोरेगाव... नाही नाही, मुंबईचं नाही. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली!’’ तिथे लोकल नाही, फिल्मसिटी नाही. हळद मात्र भरपूर.

त्याच हळदीनं यंदा मला पुण्यातून उचलून गावी आणलं. ऐन काढणीत अण्णांचा पाय मोडला. घरी आई एकटी. मी पडले फ्रीलान्सर, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. म्हटलं, काही महिने गावीच राहू. बॅग भरली आणि मग अ‍ॅग्रीमेंट वाचलं. हो, मग! सही करताना आपण भाड्याचा आकडा आणि स्वत:च्या नावाचं स्पेलिंग एवढंच बघतो ना?

तिसऱ्या पानावर बॉम्ब होता. करार अकरा महिन्यांचा, त्यातले पहिले सहा महिने ‘लॉक-इन’. त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कट. माझा चौथा महिना संपत आलेला. भाडं १८,०००, उरले दोन महिने. म्हणजे ५४,००० च्या डिपॉझिटमधले ३६,००० गेले! आणि ते डिपॉझिट म्हणजे अण्णांची गेल्या वर्षीची हळद होती.

घरमालक काकांना फोन केला. ‘‘अगं, कागदावर आहे ना सगळं?’’ विषय संपला.

मग वकील मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, ‘‘पहिली गोष्ट, तू भाडेकरू नाहीसच. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी. त्यामुळे तुझे हक्क बरेचसे त्या कागदात जे लिहिलंय तेवढेच. पण १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम आहे. दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तो आपोआप मिळत नाही. काकांना दुसरं कुणी लगेच मिळालं, तर त्यांचं नुकसान ते किती?’’ मग हसून म्हणाली, ‘‘अर्थात, ३६,००० साठी कोर्टात कोण जातंय? ना तू, ना काका. बोला!’’

पण बोलायचं कसं, ते शिकवलं अण्णांनी. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, ‘‘आपल्याकडं सालगडी पाडव्याला साल धरतो. मधीच सोडून गेला तर काय बांधून ठेवायचं का त्याला? झालेले महिने मोजायचे, उचल वजा करायची, बदली माणूस देतो का इचारायचं. हिशोब मांडायचा, भांडायचं नाही.’’

प्रत्यक्षात ते इतकं सरळ नसतं. उचल न फिटल्यानं वर्षानुवर्षं एकाच दारात अडकलेले गडी मी पाहिलेत. पण एक फरक तिथेच लक्षात आला. गावात मालकाचे पैसे गड्याकडे अडकलेले असतात, शहरात आपले पैसे मालकाकडे. ज्याचे पैसे अडकलेत, हिशोब त्यानंच आधी मांडायला हवा.

मांडला. मैत्रिणींच्या ग्रुपवर घराचे फोटो टाकले आणि बँकेत नोकरी करणारी एक मुलगी शोधली. काकांना लेखी कळवलं: घर १५ दिवस रिकामं राहील, त्याचे ९,०००, नव्या कराराचा खर्च २,५००, तोही माझ्याकडून. काका दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘ओके बेटा’. ४२,५०० परत मिळाले!

तर मंडळी, सही करण्याआधी एवढं बघाच. लॉक-इन किती महिन्यांचं? नोटीस किती दिवसांची? आजारपण किंवा बदली असेल तर सूट आहे का? नसेल तर तेव्हाच लिहून घ्या, तेव्हा काका गोड असतात. आणि ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सूट आहे, म्हणून ही अकराची सवय. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यावर तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

निघताना मीटरचं रीडिंग, रिकाम्या घराचे फोटो आणि ‘हिशोब पूर्ण’ असा एका ओळीचा कागद विसरू नका.

हे लिहितेय ते ओट्यावर बसून. समोर हळद वाळतेय आणि अण्णा कुबडी घेऊन राखण करताहेत. इथे भाडं नाही, डिपॉझिट नाही. लॉक-इन मात्र आहे. आई म्हणतेय, पाय बरा होईपर्यंत हलायचं नाही!