'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ बिलावरून काढून टाका



या आठवड्याचा व्हिडिओ बिलबुकवर आहे. बिलावर काय छापायचं, एवढाच साधा विषय. पण बॅचमध्ये सगळ्यांची बिलं टेबलावर मांडली की बहुतेकांच्या तळाशी एक ओळ दिसतेच. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. काहींनी तर ती लाल शाईत छापलेली असते. का छापली, असं विचारलं की उत्तर येतं, "सर, वडिलांच्या वेळेपासून आहे."

माझं मत सरळ आहे. ही ओळ काढा. गिऱ्हाइकावर उपकार म्हणून नाही, तर ती तुमच्या काहीच कामाची नाही म्हणून. उलट वाद झाला तर ती तुमच्याच विरोधात कागद म्हणून उभी राहते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याआधी १९८६ चा कायदा होता. नव्या कायद्यात 'अनुचित व्यापार प्रथा' म्हणजे काय, याची यादी दिली आहे आणि त्यात आपल्याशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली, बिल किंवा पावती न देणं. दुसरी, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं. किती दिवसांत? तुमच्या बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत. काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत.

म्हणजे बघा, कायद्याने मुदत ठरवण्याची जागा तुमच्या बिलावरच ठेवली आहे. आणि त्याच जागेवर आपण काय छापतो, तर परत घेणारच नाही!

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे. "मग काय, कुणीही यायचं आणि लग्नात मिरवलेली साडी परत करायची?" नाही. इथेच गल्लत होते. कायदा सदोष मालाबद्दल बोलतो. रंग आवडला नाही, सासूबाईंना पसंत पडली नाही, शेजारच्या दुकानात शंभर रुपये स्वस्त मिळाली, याला दोष म्हणत नाहीत. अशा वेळी बदलून द्यायचं की नाही, हा तुमचा निर्णय. मी देतो, खोकं फोडलेलं नसेल तर. तुम्ही नाही दिलं तरी चालेल. पण विणीतच भोक असलेली साडी, आठ दिवसांत मोटर जळलेला मिक्सर, शिवण उसवलेली चप्पल, इथे 'परत घेणार नाही' म्हणता येत नाही. एकच ओळ दोन्ही गोष्टींना लावली की खऱ्या तक्रारीच्या गिऱ्हाइकालाही आपण खोटं ठरवतो.

बिलावर साधं लिहा: 'सदोष माल बिलासह अमुक दिवसांत बदलून किंवा पैसे परत. नापसंतीसाठी परत नाही.' मुदत मात्र माणसाला शोभेल अशी ठेवा. 'दोन तासांच्या आत' असले चमत्कार नकोत.

खरी अडचण गिऱ्हाईक नाहीच, ती आपल्या मागे आहे. आपण माल बदलून दिला आणि डिस्ट्रिब्युटरने हात वर केले तर? मिक्सरवर मार्जिन ते किती, आणि एक पीस अंगावर पडला तर पाच-सहा पिसांची कमाई गेली. माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे, हे दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. 'ग्राहक राजा आहे' म्हणणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा डिस्ट्रिब्युटर डिफेक्टिव्ह पीस तीन-तीन महिने गोदामात ठेवतो, तेव्हा तो राजा कुठे जातो कोण जाणे. पण त्याचा राग काउंटरवरच्या माणसावर काढून उपयोग नाही. पैसे त्याने कंपनीला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत. म्हणून भांडायचं ते खरेदीच्या वेळी. डिफेक्टिव्ह माल किती दिवसांत बदलून मिळणार, हे डिस्ट्रिब्युटरकडून पहिल्या ऑर्डरआधी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. स्कीममध्ये दहावर एक फ्री मिळवायला आपण तासभर घासाघीस करतो, आणि हा प्रश्न विचारतच नाही.

यापुढचं मत काहींना पटत नाही, तरी लिहितो. गिऱ्हाइकाला तक्रार कशी करायची हे तुम्हीच शिकवा.

एक ताई चिडून मिक्सर घेऊन आल्या. तीन आठवडे झालेले, सर्व्हिस सेंटरने दोनदा परत पाठवलेलं, हातात एक कागद नाही. मी त्यांना बसवलं आणि एक पानभर अर्ज लिहून घेतला. बिल नंबर, तारीख, मिक्सरचा सिरीयल नंबर, नेमकं काय होतं, कोणत्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलात, आणि तुम्हाला काय हवंय. एक प्रत कंपनीला मेल केली, एकीवर माझा शिक्का मारून त्यांना दिली. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका, हेही सांगितलं. कंपनीने पीस बदलून दिला. तोंडी आरडाओरडा महिनाभर चालला असता आणि तो माझ्याच दुकानात चालला असता.

कंपनी दाद देत नसेल तर गिऱ्हाइकाला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर द्या. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून पाठपुरावा करते. त्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. "सर, हे सांगून आपल्याच पायावर धोंडा नाही का?" अहो, हे सगळं त्याच्या मोबाइलमध्ये आहेच. तुम्ही सांगितलंत तर तो कंपनीच्या विरोधात तुमची साक्ष काढेल, नाही सांगितलंत तर तुम्हालाही सोबत प्रतिवादी करेल.

आणि समजा आयोगाची नोटीस आलीच, तर ती गल्ल्याखाली सरकवू नका. लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस असतात, आयोग फार तर आणखी १५ दिवस देतो. त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. 'बघू नंतर' म्हणणारा दुकानदार आपली बाजू न मांडताच हरतो. ज्याच्याकडे बिलाची प्रत, सिरीयल नंबर आणि कंपनीला केलेला मेल आहे, त्याला घाबरायचं कारण फारसं उरत नाही.

ऑनलाइनवाल्यांना नियम आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. आपल्या काउंटरला तो लागू नाही, पण मी तेच माप धरलंय. साधी दोनशे पानी वही, तारीख, तक्रार, काय केलं. त्या वहीचा न सांगितलेला फायदा असा की कोणत्या ब्रँडचा माल सारखा परत येतो ते सहा महिन्यांत कळतं. मी एक ब्रँड त्यावरूनच बंद केला.

शेवटचा मुद्दा आपण नेहमी विसरतो. तुम्हीही ग्राहक आहात. पुन्हा विकायला घेतलेल्या मालासाठी हा कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही, तिथे डिस्ट्रिब्युटरशी झालेला करारच कामाला येतो. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू, म्हणजे आइस्क्रीमच्या छोट्या दुकानातला डीप फ्रीझर, शिवणकामाचं मशीन, पिठाची गिरणी, ही स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. फ्रीझर बिघडून माल वितळला आणि कंपनीवाला फोन उचलत नसेल, तर वर लिहिलेला सगळा रस्ता तुमच्यासाठीही खुला आहे. फक्त पक्कं बिल हवं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर फ्रीझर घेतला असेल, तर मग सिद्ध काय करणार?

पुढच्या व्हिडिओत बिलाचा नमुना दाखवतो. नवीन बिलबुक छापायला टाकलं असेल तर प्रेसवाल्याला आजच फोन करून ती ओळ थांबवा.