बसवरचा चार

आमच्या खिडकीतून मागाठाणे डेपोत ये-जा करणाऱ्या बेस्टच्या बसगाड्या दिसतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या खिडकीपाशी टेबल मांडले ते कादंबरी लिहिण्यासाठी. कादंबरी काही पुढे सरकली नाही, पण साडेतीन वर्षांची नात त्या टेबलावर चढून बसू लागली आणि एके दिवशी तिने विचारले, "आजोबा, समोर आठ आहे आणि बाजूला चार. बस चुकली का?"

बेस्टच्या बसवर समोर क्रमांक देवनागरीत असतो आणि बाजूच्या पाटीवर इंग्रजी आकड्यांत. मुंबईकराला त्यात नवल वाटत नाही. फ्रिजवरच्या चुंबकी आकड्यांशी खेळणाऱ्या नातीला मात्र ते वाटले, कारण आपला चार आणि इंग्रजी आठ यांची चण जवळजवळ एकच. साठ वर्षे मी दोन्ही आकडे लिहिले, त्यांतली निम्म्याहून अधिक बँकेच्या खातेवह्यांत. पण मला हे कधी दिसले नव्हते! मग तिने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे मोर्चा वळवला. तीन आणि सहा शेजारी आलेली एक बस गेली तेव्हा म्हणाली, "यांची कट्टी झालीय. पाठीला पाठ लावून बसलेत." छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचार तिने कोणी न सांगता स्वतःपुरता पुन्हा शोधून काढला होता.

मोजताना ती अठ्ठावीसनंतर 'नव्वावीस' म्हणते. सत्तावीस, अठ्ठावीस म्हणणाऱ्या मुलाने आणखी काय म्हणावे? एकोणतीस ही भाषेची लहर आहे, मुलाची चूक नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची 'वीस एक' अशी रीत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. थट्टा करणाऱ्यांत मीही होतो. आज इतकेच म्हणेन की, ज्यांनी ती सुचवली त्यांनी मोजणारे मूल जवळून पाहिले असावे.

इथवर सारे गोड आहे. पुढचे तितके गोड नाही.

नातीची ही हुशारी पाहून मला राहवेना. पाहुणे आले की मी तिला टेबलावर उभी करू लागलो. "बाळ, काकांना शंभरपर्यंत म्हणून दाखव." मग स्टेशनाजवळून चार रेघी वही आणली. रोज एक पान ग, एक पान म. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिची बोटं दुखतात." मी म्हणालो, सवय होईल. तीन आठवड्यांत मुलगी खिडकीपाशी येईनाशी झाली. बस आली तरी मान वळवीना. माझी चाहूल लागली की आजीच्या पदराआड.

वही बंद करवली ती मुलाने. एका रात्री तो फक्त एवढेच म्हणाला, "बाबा, १९९१ आठवतंय?"

आठवते तर! तो चार वर्षांचा होता आणि उपनगरातल्या एका नामवंत शाळेत बालवर्गासाठी मुलाखत होती. सहा महिने मी त्याच्याकडून रंग, फळे, पक्षी, आकडे घोटून घेतले होते. टेबलापलीकडून प्रश्न आला आणि तो गप्प. पुन्हा प्रश्न, पुन्हा गप्प. परतीच्या लोकलमध्ये अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत मी त्याला बोलत होतो आणि तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याआधी तो दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. नंतर वाचल्याचे मला आठवत नाही. आठवत नाही याचीच मला अधिक खंत वाटते. मी त्यानंतर पाहिलेच नसावे.

पुढे १९९३ साली यशपाल समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल दिला आणि बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती नकोत असे सांगितले. १९९६ मध्ये महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक प्रवेशांसाठी कायदा केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. कायद्याने टेबल हलवले खरे, पण ते हलून आमच्या दिवाणखान्यात आले. आता मुलाखत आम्हीच घेतो, तीही रोज.

या विषयावर दोन पक्ष हिरीरीने भांडताना दिसतात. एकाच्या मते अडीच वर्षांपासून अक्षरे घोटली नाहीत तर गाडी चुकली. दुसऱ्याच्या मते सहा वर्षांच्या आत अक्षर दाखवणे हाच गुन्हा. मला दोघांचेही पटत नाही, कारण दोघेही मुलाला विचारत नाहीत.

मारिया माँटेसरींनी जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा इतक्या लहानांना लिहिणे-वाचणे शिकवण्याचा त्यांचा बेत नव्हता. आयांनीच गळ घातली. मग बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापली आणि मुलांना त्यांवरून नुसती बोटे फिरवू दिली. आपल्याकडे धुळाक्षरे गिरवत, त्यातही हातालाच अक्षराची ओळख आधी होई. एके दिवशी गच्चीवर खडूने धुराड्याचे चित्र काढता काढता पाच वर्षांचा मुलगा आनंदाने ओरडला की मला लिहिता येते! अक्षर मुलाच्या हातात आधीच येऊन बसले होते. ते बाहेर पडण्याची वेळ त्याने ठरवली. माझ्या चार रेघी वहीत नेमके हेच उलटे होते. तिथे वेळ मी ठरवत होतो, आणि पानेही.

आपल्याकडे हे काम उभे राहिले ते फार लांब नाही. बोरिवलीहून डहाणूकडे जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर घोलवड लागते, तिथून जवळ बोर्डी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. परदेशी साधने परवडणारी नव्हती. खडे, बिया, शिंपले, पाने यांवर मोजणी चाले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज महागड्या प्लॅस्टिकच्या शैक्षणिक खेळण्यांची जाहिरात पाहिली की मला त्या शिंपल्यांची आठवण होते. (नातीच्या फ्रिजवरचे आकडेही प्लॅस्टिकचेच, हे कबूल केलेले बरे.)

मुलाला अक्षर हवेसे वाटले तर ते द्यावे, पण मागितले तेवढेच. बँकेतल्या माणसाला हे उमजायला इतका वेळ लागावा याची लाज वाटते. मुदत ठेव पिकण्याआधी मोडायला आलेल्या माणसाला व्याज कापले जाईल असे मी काउंटरवरून शेकडो वेळा समजावले आहे. घरी मात्र पाहुण्यांच्या 'वा वा'साठी नातीची ठेव मीच मोडत होतो.

आणखी एक गोष्ट मला टोचते. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या बाईंचा मुलगा नातीच्याच वयाचा. तोही जिन्यात बसून लिफ्टवरचे आकडे बोटाने गिरवतो. त्याच्या बोटामागे वही घेऊन कोणी धावत नाही आणि तो आकडा कोणता हे सांगायलाही कोणी थांबत नाही. माझ्या नातीला माझ्या उत्साहापासून वाचवावे लागले. त्या मुलाच्या वाट्याला थोडा उत्साह आला तर त्याचे चांगलेच होईल. हल्ली जिन्यात भेटला की मी थांबतो. परवा त्याने सात दाखवला. मी 'सात' एवढेच म्हणालो आणि पुढे गेलो. वर पोचलो तोवर तो खालून सात, सात असे गाणे म्हणत होता.

वही कपाटावर गेल्याला आता महिना झाला. नात खिडकीपाशी लगेच आली नाही. मीही बोलावले नाही. गेल्या रविवारी भाजी घेऊन आम्ही दोघे मेट्रो स्थानकाच्या खालून येत होतो. ती थबकली आणि मान वर करून पाटीकडे पाहू लागली. मी सवयीने तोंड उघडले तोच तिने माझा हात ओढला.

"आजोबा, तू सांगू नकोस."

"नाही सांगत."

"मा... गा..." तिसऱ्या अक्षराशी बराच वेळ गेला. मागचे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. पिशवीतली मेथी एव्हाना माझ्या पायाला टोचू लागली होती. "ठा!" ती म्हणाली, आणि मग चौथ्याकडे पाहून, "हा कोण?"