माकडताप नव्हे, गोचीडताप म्हणा!

मंडळी, काजूचा हंगाम आला की सिंधुदुर्गाच्या बातम्यांत एक शब्द हमखास डोके वर काढतो: ‘माकडताप’. जन्मभर मराठी शिकवले, त्यामुळे शब्दांशी भांडायची खोड गेलेली नाही. या शब्दाशी तर माझे उघड भांडण आहे.

आधी हकीकत सांगतो. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिथे पोचली. पहिला संशय पीतज्वराचा होता. पण त्यांनी चिकाटीने नवा विषाणू शोधला आणि तो पसरवणारी गोचीडही पकडली. तिकडच्या लोकांनी मात्र रोगाला ‘मंगन काईले’, म्हणजे माकडाचा आजार, असे नाव दिले. तेच मराठीत आले.

खरे पाहता माकड हे आपल्यासारखेच बळी पडलेले. माणसाला हा ताप मुख्यतः गोचीड चावल्याने होतो, तीही तिळाहून लहान, अर्धवट वाढलेली. चावली तरी कळत नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पालापाचोळ्यात उतरतात, आणि लाकडे-पातेरा गोळा करणाऱ्या बाईच्या पायाला चिकटतात. रोग्यापासून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात.

आमच्या नात्यातल्या एका शहाण्या गृहस्थांनी फोनवर उपाय सुचवला, “माकडं मारून टाका, ताप जाईल.” हा नावाचाच प्रताप! अहो, मेलेले माकड ही जंगलाने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. ते दिसले की हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवायचे. घंटाच फोडून टाकली तर आग लागल्याचे कळणार कसे?

दुसरा राग सरकारी खातेवाटपाचा. माकड वनखात्याचे, गाय पशुसंवर्धनाची, माणूस आरोग्यखात्याचा. मोठी गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते, ती गुरे जंगलात चरतात, आणि त्याच वाटेने माणूस काजूला जातो. तिन्ही खात्यांतून फिरणारी गोचीड मात्र कोणाच्याच खात्यावर नाही! तिचा अभ्यास करायचा तर जनावरांचे आणि माणसांचे डॉक्टर एका टेबलाशी बसायला हवेत.

लशीची गोष्ट तर याहून कडू. जुन्या पद्धतीची लस वर्षानुवर्षे दिली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन डोसांचा परिणाम जेमतेम ६२ टक्के दिसला. २०२२ मध्ये कर्नाटकाने ती थांबवली. नव्या लशीचे काम त्यानंतर कुठे हलू लागले. २०१५ साली सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात काजू वेचणारे तापले, तिथे विमानतळावरून येणारे साहेब तापले असते, तर एवढा उशीर झाला असता का?

कोणी म्हणेल, गरिबांच्या रोगाचे असेच चालायचे. मुळीच नाही! नारू आठवतो का? विहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि पायातून हातभर बाहेर निघणारा तो जंत. त्याला ना लस होती, ना औषध. पाणी गाळणे, पायविहिरी बंद करणे आणि गावोगाव रोगी मोजणे, एवढ्यावर तो गेला. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. गोचीड जंगलात राहते, तिचा निर्वंश होणार नाही, हे कबूल. पण काजूवाल्याच्या पायाला लावायचे तेल हंगामाआधी घरोघर पोचवणे नारूपेक्षा अवघड आहे काय?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आजपासून ‘गोचीडताप’ म्हणा. नाव बरोबर घेतले की नजर आपोआप झाडावरून खाली पायाकडे वळते. गावाकडे कोणाचे काजू असतील तर त्यांना एवढे जरूर सांगा: अंगभर कपडे, रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि ताप आला तर अंगावर काढू नका.

पटत नसेल तर खाली लिहा. भांडायला मी आहेच!