मंडळी फुटली म्हणजे गाणे संपले काय?

हेवी मेटल हे शब्द उच्चारताच आपल्या सुशिक्षित घरांत नाके मुरडली जातात. हे संगीत सर्वांस रुचलेच पाहिजे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु त्याविषयी जो एक शेरा वारंवार कानी पडतो, तो आम्हांस निमूटपणे सोडवत नाही. ज्या बँडमधील माणसे वरचेवर बदलतात तो बँड खरा नव्हे. जुनी पाटी लावून नवा माल खपविण्याचा तो व्यवहार होय, असा हा शेरा आहे. आमच्या मते तो नुसता अरसिक नाही, तर आपल्या सार्वजनिक जीवनास घातक आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. साहिल मखिजा यांनी 2000 साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. पुढे वादक येत गेले, जात गेले, आणि मूळ संचापैकी एकटे मखिजा उरले. अशा स्थितीत 2017 साली ‘दशावतार’ हा अल्बम बाहेर आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि त्यांवर दहा गीते! ही गीते इंग्रजी आहेत, आणि गर्जनेच्या गायनात त्यांतील पुष्कळ शब्द बुडून जातात, हा दोष आम्ही झाकीत नाही. तथापि एवढा विषय हाती घेऊन तो शेवटास नेणे हे मोडकळीस आलेल्या मेळाचे काम खचितच नव्हे. शिवाय देह बदलला तरी तत्त्व तेच राहते, हे ज्या कथांतून आपण लहानपणी शिकलो, त्याच कथांवरील गीते ऐकताना वादकांची हजेरी घेत बसावे, हा विनोद नव्हे काय?

हा प्रकार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे असे नव्हते, असे म्हणणारांनी संगीत रंगभूमीचा इतिहास आठवावा. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली वारले, भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले. पण ‘मानापमान’ 1911 साली रंगभूमीवर आणले ते किर्लोस्कर मंडळीनेच. 1913 साली बालगंधर्व, टेंबे व बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तरीही मास्टर दीनानाथ पुढे आले ते किर्लोस्कर मंडळीतूनच, आणि 1918 साली त्यांनीही वेगळी चूल मांडली, तेव्हा बलवंत संगीत मंडळी जन्मास आली. केशवराव भोसले 1921 साली निवर्तले. बापूराव पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ची धुरा उचलली, आणि पुढल्याच वर्षी ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आले. या फुटींस आपण वैभवाचा काळ म्हणतो. मग बँडलाच वेगळा न्याय का?

कोणी म्हणेल, नाटकमंडळीस नाटककाराचा आधार असतो. बँडमध्ये गाणारे-वाजविणारे हेच सर्वस्व. हाही आक्षेप टिकत नाही. हेवी मेटलचा पाया घालणाऱ्या इंग्लंडातील ‘ब्लॅक सॅबथ’ने 1979 साली आपले गायक ओझी ऑस्बर्न यांस दूर केले. त्यांच्या जागी रॉनी जेम्स डिओ आले, आणि 1980 सालचा ‘हेवन अँड हेल’ हा त्या बँडच्या उत्तम अल्बमांपैकी एक ठरला. गळा नवा होता, पण टोनी आयोमी यांची गिटार जागेवर होती. काम सांभाळणारा एक तरी माणूस असावा, आणि नवागतास नुसते रिकामे आसन न देता मोकळा हात द्यावा, एवढे पुरेसे असते. हे दोन्ही नसेल तर पाटी खोटी, हे आम्हांसही मान्य आहे. पण तो निवाडा गाणे ऐकून करावा, नामावळी वाचून नव्हे.

या वादात आम्ही पडलो त्याचे कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच आहे. गायनमंडळ असो, वाचनालय असो की हौशी नाट्यसंस्था असो. चालविणारा गृहस्थ बदलीवर गेला किंवा वारला की पेटी कपाटात जाते, कपाटास कुलूप लागते, आणि उरलेले सभासद ‘त्यांच्यासारखे आता कोण?’ म्हणून उसासे टाकतात. यास आपण निष्ठा समजतो. वास्तविक तो आळस होय. याच यवतमाळने 1973 साली गदिमांच्या आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरविले. मधल्या 46 वर्षांत पिढ्या बदलल्या; म्हणून दुसरे संमेलन खोटे ठरले काय? खेड्यांतील भजनी मंडळांस तर हे कोणी शिकवावेच लागत नाही. म्हातारा थकला की त्याची खंजिरी पोराच्या हाती जाते, आणि भजन त्याच रात्री होते.

तेव्हा सुशिक्षितांनी नाक मुरडण्यापूर्वी एवढे करावे: ज्या संस्थेचा मुख्य माणूस गेला आहे तिच्या दाराचे कुलूप काढावे, आणि आत कोणा तरुणास बसू द्यावे. तो प्रथम बेसूर वाजवील. वाजवू द्यावे.