आवई उठते तेव्हा घाई कुणाला असते?



गेले दोन महिने आपल्या भागात एकच चर्चा आहे. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर ऐका, लग्नाच्या मांडवात ऐका, नाहीतर रेशनच्या रांगेत ऐका. हायवेजवळचा तो पाण्याचा पार्क वाढणार म्हणे. कुणी सांगतं दोनशे एकर, कुणी दोन हजार. कुणी तर म्हणतं, अमेरिकेचं डिस्नेलँडच इथं येणार आहे, मोजणीवाले येऊन गेले, लाल झेंड्या लावून गेले. झेंड्या पाहिल्या कुणी? तर कुणाच्या तरी मेव्हण्याने.

मी चार पाडे पायी फिरलो. झेंडी एकही दिसली नाही. पण दुसरं काही दिसलं. एका पाड्यावर तीन घरांनी कोऱ्या स्टँपवर आंगठे दिलेत. हातात पाचशे पाचशे रुपये. कशाचे पैसे, विचारलं तर म्हणाले, इसार. त्यातले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "सरकार फुकटच घेनार हाय ना? मंग पाचशे तं मिलले." सरकार फुकट घेणार हे त्यांना सांगितलं कुणी? जो स्टँप घेऊन आला त्यानेच.

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण आवई ऐकली की पहिला प्रश्न विचारतो, खरी का खोटी? आणि तिथंच अडकतो. खरी-खोटी कळायला वर्ष जातं. आंगठा उठायला एक मिनिट लागतं. म्हणून पहिला प्रश्न वेगळा पाहिजे. ही आवई कुणाला घाई करायला लावते, आणि कुणाला आरामात थांबू देते?

आता डिस्नेलँडचं नाव निघालंच आहे, तर त्या डिस्नेने आपली जमीन कशी घेतली तेच सांगतो. गोष्ट अमेरिकेची आहे, पण ऐकताना ओळखीची वाटेल.

वॉल्ट डिस्ने हा सिनेमावाला. मिकी नावाच्या उंदराची चित्रं काढून मोठा झालेला. त्याने १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइम इथं डिस्नेलँड काढलं. पाळणे, आगगाड्या, राजवाडे, सगळी खोटी दुनिया. जागा होती सुमारे १६० एकर, संत्र्यांच्या बागांची. उद्यान तुफान चाललं. पण आजूबाजूला दुसऱ्यांची हॉटेलं उभी राहिली, आणि पैसा त्यांच्याही गल्ल्यात जाऊ लागला. डिस्नेला ते खुपलं. त्याने ठरवलं, पुढच्या वेळी जमीन इतकी घ्यायची की कुंपणाबाहेर कमवायला कुणी उरता कामा नये.

नोव्हेंबर १९६३ मध्ये तो विमानातून फ्लोरिडा राज्यावरून फिरला. ऑरलँडो गावाच्या जवळ दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, खाली दलदल आणि गुरांची कुरणं. जागा पसंत पडली. पण डिस्नेचा चेहरा टीव्हीमुळे घराघरात माहीत. तो जमीन घेतोय म्हटल्यावर भाव आभाळाला जाणार. मग काय केलं? नावाच्या कंपन्या काढल्या. कुणाचं नाव लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट, कुणाचं टोमाहॉक प्रॉपर्टीज, कुणाचं रीडी क्रीक रँच. मागे मालक एकच. डिस्नेच्या वकिलाने तर तिथं फिरताना स्वतःचं नावसुद्धा बदललं.

आधी इसार द्यायचा, म्हणजे थोडे पैसे देऊन जमीन अडकवून ठेवायची. सगळं जुळलं की मग खरेदीखत. एक तुकडा तर १२,४४० एकरांचा, भाव एकरी १४५ डॉलर. त्या जमिनीखालच्या खनिजांचा हक्क लांबच्या एका विद्यापीठाकडे होता. कंपनीने तोही सोडला नाही, जाऊन विकत घेतला. हे नीट लक्षात घ्या. ज्यांच्याकडे पैसा आहे ते कागदाची एक रेघसुद्धा कच्ची ठेवत नाहीत. आणि आपण कोऱ्या कागदावर आंगठा ठेवतो.

मे १९६५ मध्ये मोठ्या खरेद्यांची बातमी पेपरात आली, आणि ऑरलँडोत आवयांचा पाऊस सुरू झाला. कोण घेतंय एवढी जमीन? कुणी म्हणे फोर्ड मोटार कंपनी. कुणी म्हणे बोइंग, विमानांचा कारखाना येणार. अंतराळात रॉकेट सोडायचं ठिकाण त्याच राज्यात, म्हणून कुणी म्हणे रॉकेटचंच काहीतरी. सगळं गाव पैजा लावत होतं. शिकलेसवरलेले लोक, हातात रोज पेपर, घरात टेलिफोन. तरी कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा "आमचे लोक अडाणी म्हणून आवयांवर विश्वास ठेवतात" असं कुणी साहेब म्हणाला तर त्याला ऑरलँडोची गोष्ट सांगा. आवई अडाणीपणातून येत नाही. माहिती कुलपात ठेवली की दाराच्या फटीतून जे बाहेर येतं, ती आवई.

गुपित फोडलं ते एका बाईने. एमिली बावर, तिथल्या सेंटिनेल पेपरची वार्ताहर. कंपनीने पत्रकारांना कॅलिफोर्नियात उद्यान बघायला बोलावलं होतं. तिने सरळ डिस्नेलाच विचारलं, फ्लोरिडातली जमीन तुम्हीच घेताय का? तो नाही म्हणाला. पण नाही म्हणताना तिथल्या पावसापाण्याचं असं काही बोलून गेला की तिला शंका आली. ज्याला तिथं जायचं नाही त्याला तिथला पाऊस कशाला माहीत असेल? २४ ऑक्टोबर १९६५ ला तिच्या पेपरने ठोकून सांगितलं, घेणारा डिस्नेच. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरने कबूल केलं.

पण तोवर काम झालं होतं. २७ हजारांहून जास्त एकर जमीन कंपनीच्या खिशात. सगळा खर्च पन्नास लाख डॉलरच्या थोडा वर, म्हणजे सरासरी एकरी दोनशे डॉलरसुद्धा नाही. नाव फुटलं आणि आजूबाजूचा भाव हजाराच्या वर उडाला. मे महिन्यात विकलेल्याने ऑक्टोबरात कपाळाला हात लावला. यात बेकायदा काही नव्हतं, हेही सांगतो. कायद्यात बसवून, सह्या-शिक्क्यांनिशी झालं. एकाला माहीत होतं आणि दुसऱ्याला माहीत नव्हतं, सगळा फरक एवढाच. मधला नफा त्या न माहीत असण्याचा.

आणि त्या कुरणवाल्यांच्याही आधी तिथं कोण होतं, हे विसरून चालणार नाही. फ्लोरिडा ही सेमिनोल आदिवासींची भूमी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या फौजेने त्यांच्याशी तीन लढाया केल्या. १८५८ पर्यंत बहुतेकांना शेकडो मैल दूर पश्चिमेला हाकललं. थोडे दक्षिणेच्या दलदलीत तग धरून राहिले. त्यांना इसारही मिळाला नव्हता.

आता आवईच्या पुढची पायरी बघा, ती म्हणजे जाहीर वचन. कंपनीने सांगितलं, आम्ही नुसतं उद्यान नाही, नवं शहर वसवणार. २० हजार लोक राहतील, नाव एपकॉट. डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारला. पण शहराच्या नावावर १९६७ मध्ये राज्याने खास कायदा केला. त्या जमिनीपुरतं कंपनीला जवळजवळ स्वतःचं सरकार मिळालं. बांधकामाचे नियम आपले आपण, रस्ते आपले, पाण्याचा निचरा आपला, हवं तर विमानतळ आणि अणुवीज केंद्रसुद्धा. मत माणसाला नाही, एकराला. ज्याचे जास्त एकर त्याची जास्त मतं. उद्यान १९७१ मध्ये उघडलं. शहर वसलंच नाही. १९८२ मध्ये एपकॉट नावाने उघडलं ते तिकिटाचं दुसरं उद्यान. शहर गेलं, अधिकार मात्र २०२३ पर्यंत राहिले. म्हणजे पेपरात छापून आलेलं, मोठ्या माणसाने माईकवर सांगितलेलं वचनसुद्धा हवेतलं निघू शकतं. "शंभर टक्के नोकऱ्या देणार" हे ऐकाल तेव्हा ते शहर आठवा.

तिकडे या उद्यानांचे शौकीन पुष्कळ आहेत. फ्लोरिडात १९९८ मध्ये चौथं उद्यान उघडलं, तशी पाचव्याची चर्चा सुरू. कुठला पाळणा मोडणार, कुठलं डबकं बुजवणार, कुठं ट्रक दिसला, यावर हे लोक तासन्‌तास अंदाज लढवतात. त्यात वाईट काही नाही. क्रिकेटच्या टीमवर आपली पोरं बोलतात तसंच ते. अंदाज चुकला तर हसतात आणि दुसरा लढवतात. त्यांचं काही जात नाही. तीच चर्चा आपल्या पाड्यावर आली की मात्र तिची किंमत बदलते. इथं अंदाज चुकला तर भाताचं खाचर जातं. एकच गप्प, पण ज्याची जमीन त्यात आहे त्याला ती करमणूक म्हणून परवडत नाही.

मग आवयांपुढे काहीच चालत नाही का? चालतं. त्याच कंपनीने १९९३ मध्ये व्हर्जिनिया राज्यात हेमार्केट नावाच्या गावाजवळ इतिहासाचं उद्यान जाहीर केलं. जागा सुमारे ३ हजार एकर, तीही आधी गुपचूप इसार देऊन धरलेली. जवळच त्यांच्या यादवी युद्धाची रणभूमी. राज्य सरकारने १६ कोटी डॉलरहून जास्त मदत मंजूर केली. पण या वेळी नाव लवकर उघड झालं होतं, आणि लोक कुजबुजत बसले नाहीत. नकाशा मागितला, रस्ते-पाणी-धूर यांचा हिशेब मागितला, इतिहासकार उभे राहिले, राजधानीत मोर्चा निघाला. सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. खरं सांगायचं तर लढणाऱ्यांत मोठे जमीनदार होते, नावाजलेले लेखक होते. त्यांचा फोन मंत्री उचलतो, आपला उचलत नाही. पण त्यांनी केलं काय ते आपल्यालाही करता येतं. कुजबुजीला कागदावर यायला लावलं.

आता थोडं आपल्याच संघटनेबद्दल. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. दिवाळीनंतरच्या सभेत मीच माईकवर ओरडलो होतो, "दोन हजार एकर जाणार, सरकार घशात घालणार!" आकडा कुठून आणला? एसटीत ऐकलेला. लोकांनी जागं व्हावं म्हणून बोललो. पण लोक घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्या दिवशी तो स्टँपवाला गेला. माझं भाषण त्याच्या कामी आलं. "बघा, तुमचे संघटनेवालेच म्हणतात जमीन जाणार. त्यापेक्षा माझ्याकडे द्या." त्या बाबांचे पाचशे रुपये मला अजून टोचतात.

नीट पाहिलं तर आवया दोन जातीच्या असतात. एक म्हणते, लाखो मिळणार. दुसरी म्हणते, फुकट जाणार. पहिलीने माणूस हुरळतो, दुसरीने खचतो. दोन्हींचा शेवट एकच, "आत्ताच आंगठा दे." दलालाला कुठलीही चालते. म्हणून भीतीची आवई आपण लढ्यासाठी उठवली तरी ती आपली राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे.

कुणी घाई करायला लागला की थांबा. जमीन कुठं पळून जात नाही. घेणाऱ्याला आज रात्रीच सही पाहिजे असेल, तर त्याला उद्या सकाळची काहीतरी खबर आहे असं समजा.

कोऱ्या कागदावर आंगठा नाही, म्हणजे नाही. इसार असो, मुखत्यारपत्र असो, "नुसती मोजणीची परवानगी" असो. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा, दोनदा.

कायदा आपल्या बाजूने आहे तो पाठ करा. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ सांगतं, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कलेक्टरची मंजुरी, आणि तीही सरकारच्या पूर्वसंमतीने. पाचशे रुपये आणि एक आंगठा म्हणजे मंजुरी नाही. आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात सरकारला जमीन संपादन करायची तर आधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. मग ग्रामसभेने स्वतःहून ठराव करून तहसीलदाराला लेखी विचारावं, पार्क वाढायचा काही प्रस्ताव आहे का? असेल तर गट नंबर द्या. नसेल तर नाही म्हणून लिहून द्या. पोच घ्या.

आणि तलाठ्याकडे जाऊन फेरफार बघा. ऑरलँडोत चर्चा कितीही झाली, तरी पहिला पक्का धागा सरकारी दप्तरातल्या खरेद्यांतूनच निघाला. कुठली नवी नावं एकाच वेळी पाचसहा गावांत दिसतात, ते लिहून काढा.

त्या तीन घरांच्या आंगठ्यांचं काय करायचं, हे वकिलांना विचारायला आपण येत्या सोमवारी जाणार आहोत. बाबा बरोबर येतील. पाचशेतले चारशे खर्च झालेत, शंभर त्यांनी कनवटीला बांधून ठेवलेत, परत द्यायला लागतील म्हणून.

पुढच्या बैठकीत मात्र कुणीही "ऐकलंय" म्हणून बोलू नये. मीसुद्धा नाही. प्रत्येक पाड्याने आपले सातबारे आणि फेरफाराच्या नकला घेऊन याव्यात. कंदील आमच्याकडे आहे, रात्र झाली तरी बसू.